आधी पाणी, मग हात: गाडी धुण्याविषयी वाचकांचे प्रश्न

गाडी घरी धुवावी की वॉशिंग सेंटरला द्यावी, हे विचारणारी पत्रं खानदेशच्या तिन्ही जिल्ह्यांतून आली आहेत. त्यातली काही निवडून उत्तरं देतो आहे.

प्रश्न (भुसावळ, रेल्वे कर्मचारी): आमच्या कॉलनीत एक मुलगा रोज पहाटे सगळ्यांच्या गाड्या पुसतो. महिन्याचे पैसे ठरलेले आहेत. माझी गाडी काळी, तीन वर्षांची. तिरप्या उन्हात बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे दिसतात. शाम्पू बदलू का?

उत्तर: शाम्पू बदलून काही होणार नाही. रोजचं पुसणं थांबवा.

गाडीच्या रंगावर पारदर्शक थर असतो, त्याला क्लिअर कोट म्हणतात. त्याची जाडी साधारण 40 ते 50 मायक्रॉन, म्हणजे आपल्या केसापेक्षाही कमी. चकाकी सगळी त्याच थरात असते. आपल्याकडच्या धुळीत वाळूचे बारीक कण असतात आणि ते या थरापेक्षा कितीतरी कठीण असतात. दीपनगरच्या बाजूला राहणाऱ्यांच्या गाड्यांवर औष्णिक केंद्राची राखही बसते. तिच्यातही सिलिका आणि ॲल्युमिना असतं. ही धूळ नुसती बसून राहिली तर रंगाचं फारसं बिघडत नाही. पण तिच्यावर कोरडं किंवा ओलसर फडकं फिरवलं की प्रत्येक कण रेघ ओढत जातो. त्यातून त्या मुलाकडे एकच बादली, एकच फडकं आणि रांगेत उभ्या दहा गाड्या. पहिल्या गाडीची माती शेवटच्या गाडीला लागणारच.

यात त्या मुलाचा दोष नाही, त्याला तसंच सांगितलेलं असतं. त्याचे पैसे बंद करू नका, काम बदला. रोज फक्त काचा आणि आरसे स्वच्छ पाण्याने पुसायचे, आणि आठवड्यातून एकदा पूर्ण गाडी भरपूर पाण्याने धुवायची. आधी पाणी, मग हात, हा क्रम त्याला एकदा स्वतः उभं राहून दाखवा. तुमच्या गाडीवर पडलेले ओरखडे मात्र धुण्याने जाणार नाहीत. ते मशीन पॉलिशने निघतात, पण दर वेळी क्लिअर कोट थोडा झिजतो. म्हणून ते वरचेवर करू नका.

प्रश्न (अमळनेर, शिक्षिका): आमच्याकडे नळाला आठवड्याने पाणी येतं. सेंटरवाला 400 रुपये घेतो. पैशाचा विचार करून घरी धुवावी म्हटलं, तर पाणी वाया घालवल्यासारखं वाटतं. काय योग्य?

उत्तर: बाई, तुम्हाला पाण्याचं वाटतं ते बरोबरच आहे. अर्ध्या इंची पाइपातून मिनिटाला 10 ते 15 लिटर पाणी पडतं. वीस मिनिटं पाइप चालू ठेवून गाडी धुतली की 200 ते 300 लिटर गेलं. आठवड्याच्या पाण्यावर चालणाऱ्या घरात हे करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. मग ते पाणी नळाचं असो की बोअरचं.

पण बादलीने धुतलं तर 50 लिटरच्या आत काम होतं, आणि गाडीही सेंटरपेक्षा चांगली निघते. दोन बादल्या घ्या. एकीत गाडीचा शाम्पू घातलेलं पाणी, दुसरीत नुसतं. आधी तांब्याने किंवा झारीने छतापासून खाली पाणी सोडा आणि दोन मिनिटं थांबा, म्हणजे माती भिजून सुटते. हात अजून लावायचा नाही. पुन्हा पाणी सोडा. मग मायक्रोफायबरचा मिट, म्हणजे धुण्याचा मऊ हातमोजा, शाम्पूत बुडवून छत, काचा, बॉनेट, दारं आणि सगळ्यात शेवटी खालचा भाग, या क्रमाने हलक्या हाताने फिरवा. एक भाग झाला की मिट साध्या पाण्यात खंगाळूनच पुन्हा शाम्पूत घाला. त्या साध्या पाण्याच्या बादलीच्या तळाशी किती गाळ बसतो ते बघा. तो सगळा एरवी रंगावर घासला गेला असता. चाकांसाठी फडकं वेगळं. मिट खाली पडला तर तो पुरता धुतल्याशिवाय पुन्हा गाडीला लावू नका.

कपड्यांची पावडर आणि भांड्यांचा साबण वापरू नका. दोन्ही रंगावरचं मेण काढून टाकतात. आणि मे महिन्यात दुपारी तर गाडीला पाणीच लावू नका. 45 अंशांत तापलेल्या पत्र्यावर शाम्पू जागीच वाळतो आणि डाग सोडतो. पहाटे धुवा, किंवा संध्याकाळी पत्रा हाताला गार लागला की.

तुमचे 400 रुपये कुठे खर्च करायचे ते धुळ्याच्या पत्राच्या उत्तरात सांगितलं आहे.

प्रश्न (जळगाव, व्यापारी): बोअरच्या पाण्याने धुतल्यावर काळ्या गाडीवर पांढरे ठिपके राहतात. म्हणून आता कूलरमधलं आणि आरओचं सोडून दिलेलं पाणी साठवून वापरतो, तरी ठिपके वाढलेच.

उत्तर: पाणी वाचवण्याचा हेतू चांगला, पण नेमकी हीच दोन पाणी सगळ्यात जास्त क्षारांची आहेत. कूलर दिवसभर पाण्याची वाफ करतो, क्षार टाकीतच राहतात. टाकीच्या कडेला जमलेला पांढरा थर तुम्ही पाहिलाच असेल. आरओ यंत्र तर क्षार वेगळे काढून तेच पाणी बाहेर टाकतं. ही पाणी पायपुसण्या, टायर आणि अंगण धुवायला ठेवा. बोअरचं पाणी पहिल्या धुण्याला चालेल. शेवटचं पाणी मात्र गोड हवं: वाघूर धरणाचं नळाला येणारं, पावसाचं, किंवा एसीच्या नळीतून ठिबकणारं. एसीचं पाणी हवेतल्या बाष्पाचं असल्याने त्यात क्षार जवळजवळ नसतात, आणि एक बादली शेवटच्या धुण्याला पुरते.

गाडी आपोआप वाळू द्यायची नाही. ठिपका म्हणजे थेंब वाळून मागे उरलेले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. सावलीत उभी करून लगेच जाड मायक्रोफायबरने टिपा. टिपा म्हणजे टिपाच, रगडू नका. असलेल्या ठिपक्यांवर पांढरं व्हिनेगर आणि तेवढंच पाणी मिसळून एक-दोन मिनिटं ओला बोळा ठेवा, मग धुऊन टाका. ताजे असतील तर निघतील. थरात खोल रुतलेत ते पॉलिशवाल्याचं काम.

प्रश्न (सावदा, केळी उत्पादक): मोठी गाडी आहे, त्यातूनच मजूर आणि कधी घडही नेतो. चिकाचे काळे डाग सीटवर आणि मागच्या दारावर पडलेत. सेंटरवाला म्हणतो, ॲसिडने काढतो.

उत्तर: ॲसिड लावू देऊ नका, सीटलाही नाही आणि दारालाही नाही. रंग जाईल आणि धुणाऱ्या पोराचे हातही सोलतील.

केळीचा चीक झाडातून निघतो तेव्हा पाण्यासारखा असतो. त्यातले टॅनिनसारखे पदार्थ हवेशी संयोग पावले की तो तपकिरी, मग काळा पडतो. म्हणून सगळा खेळ पहिल्या तासाचा आहे. बांधावरच पाण्याची बाटली आणि ओलं फडकं ठेवा, चीक लागला की तिथेच धुवा. दारावरचा वाळलेला डाग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मे-निम्मे घेऊन मऊ फडक्याने हळूहळू निघतो, नंतर ती जागा धुऊन घ्यायची. कापडी सीटवर जुना झालेला चीक पूर्ण जात नाही. त्यावर सेंटरला हजारो रुपये घालवू नका. गडद रंगाचं धुता येणारं कव्हर घाला, आणि घड न्यायचे असतील तेव्हा मागे ताडपत्री अंथरा.

प्रश्न (धुळे, शेती आणि दुकान): पावसाळाभर शेतात ये-जा असते. सेंटरवाला दर वेळी गाडी वर उचलून खालून डिझेल-ऑइल मारतो आणि इंजिनही प्रेशरने धुतो. गरज आहे का?

उत्तर: गाडी वर उचलून धुणं, हो. बाकी दोन्ही, नाही.

वर उचलून धुणं हेच सेंटरचं खरं काम, आणि त्यासाठी पैसे जरूर द्या. आपली काळी माती पाणी धरून ठेवते. चाकांवरच्या पोकळीत, सस्पेन्शनच्या खोबणींत ती बसली की वरून कोरडी दिसते, आतला पत्रा मात्र ओला राहतो आणि गंज तिथूनच सुरू होतो. घरी आडवं पडून ती निघत नाही. पावसाळ्यात महिन्याला एकदा, आणि पाऊस उघडल्यावर नवरात्राच्या सुमारास एकदा कसून खालून धुऊन घ्या. दारांच्या खालच्या कडेला पाणी निचरायची बारीक भोकं असतात, ती चिखलाने बुजली नाहीत ना ते समोर उभं राहून पाहा. धुऊन निघालात की रिकाम्या रस्त्यावर हळू चालवत चार-पाच वेळा ब्रेक दाबा, डिस्क कोरड्या होतात.

डिझेल-ऑइलचा फवारा ही जुन्या गाड्यांच्या काळातली सवय आहे. आताच्या गाड्यांना खालून कंपनीचंच संरक्षक आवरण असतं. तेलाने सस्पेन्शनच्या सांध्यांतले बुश आणि सांध्यांवरची आवरणं, म्हणजे बूट, यांचं रबर फुगून लवकर जातं, तेलकट पृष्ठभागावर धूळ दुप्पट चिकटते, आणि फवारा ब्रेकवर उडाला तर जिवाशी खेळ आहे. फुकट मारून देतो म्हणाला तरी नको म्हणा.

इंजिनच्या बाजूला फ्यूज बॉक्स, अल्टरनेटर, सेन्सरचे कनेक्टर असतात. प्रेशरचं पाणी त्यांत शिरलं की वरचेवर बंद पडणारी, कोणालाच न सापडणारी खोड जडते. तिथे थंड इंजिनवर ब्रश आणि ओलसर फडकं पुरे. रेडिएटरच्या जाळीकडे मात्र लक्ष द्या. जिनिंगचा हंगाम सुरू झाला की कापसाचे तंतू आणि किडे तिथे अडकतात आणि इंजिन तापायला लागतं. साध्या पाइपाने, कमी जोराने धुवा. जास्त जोराने जाळीच्या पातळ पट्ट्या वाकतात.

आणि सेंटर निवडताना एक विचारा: धुतलेलं पाणी जातं कुठे? गाळ बसवायची टाकी बांधून पाणी पुन्हा वापरणारा असेल तर पन्नास रुपये जास्त देऊन त्याच्याकडे जा. केळीच्या पट्ट्यात बोअर किती खोल गेल्या आहेत हे आपल्याला कोणी सांगायला नको.

प्रश्न (नंदुरबार, गृहिणी): दसऱ्याला नवी पांढरी गाडी घेतोय. पूजेच्या हळदीचे डाग पडतील का? शोरूमवाला सिरॅमिक कोटिंगचा आग्रह करतोय.

उत्तर: पूजा मनसोक्त करा. हळद-कुंकवाचं बोट काचेवर लावा, रंगावर नको. नारळाचं पाणी उडालं असेल तर त्याच दिवशी साध्या पाण्याने धुवा. कपड्यांच्या पावडरीने हळद लाल होते, ती चुकूनही नको. राहिलेला पिवळा डाग उन्हाने फिकट होत जातो.

कोटिंगमुळे पाणी निथळतं आणि धुणं सोपं होतं, एवढं खरं. पण धुळीवर फडकं फिरवलं तर त्यावरही ओरखडे पडतात, आणि क्षारांचे ठिपकेही पडतात. मी ते पैसे दोन चांगले मिट, शाम्पू आणि मेणावर खर्च करीन.

प्रश्न (शिरपूर, डॉक्टर): इलेक्ट्रिक गाडी प्रेशरने धुतली तर चालते का? शॉक बसेल अशी घरच्यांना भीती वाटते.

उत्तर: चालते. बॅटरीचा डबा पाणी आत जाणार नाही असा बंद केलेला असतो, पावसात गाडी चालतेच ना. चार्जिंग सुरू असताना धुऊ नका. चार्जिंगचं झाकण नीट लागलंय ना ते पाहा, आणि त्यावर किंवा खालच्या केशरी तारांवर जवळून झोत मारू देऊ नका. धुणाऱ्याला गाडी इलेक्ट्रिक आहे हे आधीच सांगा. पुढचं झाकण उघडून पाणी मारायची सवय त्याच्या हाताला असते.