‘शिकाबाने हिमे’ ही जपानी अ‍ॅनिमेशन मालिका (अ‍ॅनिमे) बघायला घेतोयस? मग एवढं ऐक

क्रम चुकवू नकोस. २००८ची ‘आका’ आधी, २००९ची ‘कुरो’ नंतर. सीझनची नावं दोन असली तरी गोष्ट एकच आहे. ‘आका’चा शेवट आधीच कळला तर अर्धी मजा गेली, म्हणून विकिपीडिया उघडूच नकोस.

सुरुवातीचे भाग सुटे वाटतील: नवा मुडदा (मेल्यावरही उठून माणसं मारणारा), नवी मारामारी. तरी सोडू नकोस, माकिनाकडे बघत राहा. ती नायिका, स्वतःही मेलेलीच. अंगावर शाळेचा गणवेश, दोन्ही हातांत मशीनगन, आणि गोळ्या संपेपर्यंत माघार नाही. करार केलेल्या भिक्षूच्या शक्तीवर ती तग धरते. १०८ मुडदे संपवले की स्वर्ग, असं तिला सांगितलेलं. आकडा उगाच नाही निवडलेला. बौद्ध परंपरेत माणसाचे क्लेश, म्हणजे मनाचे विकार, १०८, आणि जपानी देवळांत वर्षाच्या शेवटच्या रात्री घंटेचे टोलही तेवढेच. (आपल्या जपमाळेचे मणी आठव.)

ओउरी, म्हणजे गोष्टीतला मुख्य मुलगा, आधी जरा मठ्ठ वाटतो, चालायचंच. आणि जेवताना बघू नकोस बाबा, रक्तमांस भरपूर आहे. अ‍ॅनिमे संपल्यावरही मूळ मांगा (जपानी चित्रकथा) २०१४पर्यंत चालू होती, २३ खंड झाले. ‘कुरो’ बघून भूक उरलीच तर तिकडे वळ.