नव्या फोर-बाय-फोरचा पत्रा जपताना
पहिल्याच पावसाळ्यात तुम्ही ही चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणारी गाडी वेल्हे-मुळशीच्या कच्च्या वाटांवर नेणार आहात, म्हणून आवर्जून सांगतो की आधी दारांखालचा भाग जपा. साधा फूटबोर्ड दगडावर टेकला की वर वाकून दाराखालचा पत्रा चेपतो. दारांखाली थेट चॅसीला, म्हणजे गाडीच्या मुख्य सांगाड्याला, बसवलेले जाड पोलादी दांडे, म्हणजेच रॉक स्लायडर, मात्र गाडीचे वजन पेलतात. क्रॅश गार्ड, म्हणजे बंपरवर वरून बसवतात ते धातूचे दांडे, लावू नका. त्यांवर कारवाई करण्यास केंद्राने २०१७ मध्येच राज्यांना कळवले आहे. करवंदीच्या जाळ्यांचे काटे रंगावर लांब चरे ओढतात, तेव्हा दारांवर पारदर्शक संरक्षक फिल्म असलेली बरी. पुण्यात परतल्यावर चाकांवरच्या कमानींच्या आतल्या कडेवरून बोट फिरवून पाहा: तिथे साचलेला ओला चिखल त्याच दिवशी धुतला नाही, तर पत्र्याला गंज बहुधा तिथूनच धरतो.