बांधावरची घोरपड : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : सोयाबीनच्या रानात बांधाला घोरपडीचं बीळ आहे. जेसीबी लावून बांध सरळ करायचा आहे. कोणत्या महिन्यात केलं तर तिला इजा होणार नाही? (शेतकरी, ता. भूम, जि. धाराशिव)

आधी बीळ वापरात आहे का ते पाहा. संध्याकाळी बिळाच्या तोंडाशी पसाभर फुफाटा पातळ पसरा, हाताने सारखा करा आणि दुसऱ्या दिवशी दुपारी जाऊन बघा. दोन्ही बाजूंना नख्यांचे ठसे आणि मधून शेपटीची नागमोडी रेघ उमटली असेल, तर घोरपड ये-जा करते आहे. नुसतीच रेघ असेल तर साप समजा. आत हात किंवा काठी घालू नका, तिच्या बिळात नागही शिरतो. धूर-पाणीही नको. डिवचली की ती अंग फुगवून बिळाच्या भिंतींत घट्ट रुतून बसते, बाहेर येत नाही आणि आतच गुदमरते.

आता महिन्याचं. मादी साधारण जून ते सप्टेंबरात अंडी घालते. बांधाचा उतार किंवा वारूळ उकरायचं, अंडी घालून खड्डा बुजवायचा, नाकाडाने माती दाबायची, वर शेजारी एक-दोन फसवे खड्डे उकरून ठेवायचे, अशी तिची रीत. त्यामुळे अंडी नेमकी कुठे आहेत ते वरून कळत नाही. पिल्लं निघायला सुमारे १६८ ते २५४ दिवस लागतात, म्हणजे सप्टेंबरातली अंडी मे अखेरीपर्यंत, क्वचित जूनच्या सुरुवातीपर्यंतही मातीत असू शकतात. आपण जेसीबी लावतो तो नेमका रब्बी निघाल्यावर, आणि घात होतो तो तिथेच. पूर्ण निर्धोक असा महिना नाही. बिळाच्या दोन्ही अंगांना पाच-पाच मीटर बांध राहू द्या, असं आमचं स्पष्ट मत आहे. उरलेलं काम मे अखेरीस, उन्हं चढल्यावर करा. थंडीतल्या सकाळी मुळीच नको, तेव्हा ती गारठून आत पडलेली असते आणि तिला पळता येत नाही.

पांढरी, चामड्यासारख्या कवचाची अंडी निघाली तर काम थांबवा. गर्भ कवचाला आतून चिकटलेला असतो, अंडं उलटं झालं तर तो मरू शकतो. एखादं निसटून आलंच, तर वरच्या बाजूला पेन्सिलीने फुली करा, तीच बाजू वर ठेवा, तिथल्याच ओलसर मातीने झाका आणि वनविभागाला १९२६ वर फोन करा.

प्रश्न : घोरपड कोंबड्यांची अंडी खाते. खुराडं रात्री बंद करतो, तरी उपयोग नाही. (वाचक, अंबाजोगाई)

ती दिवसा हिंडते, रात्री नाही. अंडी सकाळी आणि दुपारी अशी दोनदा गोळा करा. खुराड्याला अर्ध्या इंचाची लोखंडी जाळी लावा आणि ती फूटभर जमिनीत पुरा, कारण घोरपड उकरून येते. चढतेही चांगली, म्हणून वरूनही जाळी हवी. मारू मात्र नका. वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत ती आहे, शिक्षा तीन ते सात वर्षं कैदेची.

प्रश्न : आठवडी बाजारात सांड्याचं तेल आणि हत्थाजोडी मिळते. खरी असते का? (वाचक, परभणी)

सांडा आपल्याकडचा नाही. तो राजस्थान-कच्छच्या वाळवंटी मुलखातला, गवत-पाला खाणारा, बिळात राहणारा सरडा. रात्री तो बिळाचं तोंड मातीने बुजवून झोपतो. पकडणारे बीळ खणून त्याला काढतात आणि पळू नये म्हणून पाठीचा कणा मोडतात. शेपटीच्या चरबीचं ते तेल. सांधेदुखी किंवा अशक्तपणावर त्याचा गुण नाही. आणि ‘हत्थाजोडी’ ही झाडाची मुळी म्हणून देव्हाऱ्यात ठेवली जाते, पण ते बहुधा नर घोरपडीचं वाळवलेलं जननेंद्रिय असतं. घरात ठेवणंही गुन्हा आहे.

प्रश्न : बीळ माणसाने करून दिलं तर चालतं का? (विद्यार्थी, नांदेड)

एका जातीला चाललं आहे. दक्षिण ऑस्ट्रेलियात पिग्मी ब्लूटंग नावाची छोटी सापसुरळी आहे. ती नामशेष झाली असं मानलं जात होतं, पण १९९२ साली बर्रा गावाजवळ रस्त्यावर मेलेल्या सापाच्या पोटात ती सापडली. ती स्वतः बीळ खणत नाही, कोळ्यांनी सोडलेल्या उभ्या बिळात राहते आणि तोंडाशी बसून नाकतोडे टिपते. नांगर फिरला की बीळ मोडतं, कोळीही जातात, मग नवं बीळ करणारंच कुणी उरत नाही. संशोधकांनी सुमारे ३० सेंटीमीटर लांबीच्या पोकळ लाकडी नळ्या जमिनीत उभ्या पुरल्या आणि सापसुरळ्या त्यांत राहायला आल्या.

घोरपडीला नळी पुरणार नाही. तिच्यासाठी रानातले वेचलेले दगड बांधालगत कोरडेच रचा. मोठे दगड खाली, मध्ये वीतभर फटी, उंची कमरेएवढी, तोंड पूर्वेला, म्हणजे सकाळचं ऊन मिळेल. सिमेंट लावू नका, आणि बांधाचं गवत पेटवताना त्या ढिगाभोवतीचं दोन मीटर गवत आधी कापून घ्या.