विश्रामबागेतला फ्लॅट

चि. पोरीस अनेक आशीर्वाद.

फोनवर तू घाईत होतीस, म्हणून सविस्तर लिहितो आहे. सांगलीच्या विश्रामबागेत ४० लाखांचा दोन बेडरूमचा फ्लॅट, वालचंद कॉलेजपासून चालत दहा मिनिटांवर. चार पोरं कॉट बेसिसवर ठेवली की हप्ता आपोआप सुटतो, असं एजंटानं सांगितलं म्हणालीस. हप्ता सुटत नाही, पोरी. कागद घे आणि माझ्याबरोबर हिशेब मांड.

एका कॉटचे ४,००० धरले तर महिन्याचे १६,०००. आता याला बारानं गुणू नकोस, दहानं गुण. परीक्षा झाली की मुलं गावी जातात आणि कॅप राउंड, म्हणजे प्रवेशाच्या फेऱ्या, आटोपून नवी पोरं येईपर्यंत खोल्या रिकाम्याच. म्हणजे वर्षाचे १,६०,०००. सोसायटीचा मेंटेनन्स, घरपट्टी, दर उन्हाळ्यातला रंग, गळके नळ, बिघडलेला गीझर यांत ४०,००० जातात. उरले १,२०,०००, म्हणजे घातलेल्या पैशावर तीन टक्के. स्टॅम्प ड्युटी तर अजून धरलीच नाही. ३० लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी काढलंस, तर हप्ता २६,००० च्या घरात. भाड्यातले महिन्याला सरासरी १०,००० वजा केले तरी दर महिन्याला पदरचे १६,००० घालावे लागतील. तेवढे झेपत असतील आणि पुढेमागे सांगलीत स्वतःचं घर हवं असेल, तर जरूर घे. भाड्यावर घर फुकट पडेल या आशेनं मात्र घेऊ नकोस.

कॉलेजची निवड चांगली आहे, हे कबूल. विलिंग्डन १९१९ चं, वालचंद १९४७ चं, मिरजेचं सरकारी मेडिकल १९६२ चं. इथे मुलं येत राहतील. पण हायवेलगत उभ्या राहिलेल्या इंजिनिअरिंग कॉलेजांच्या भरवशावर लोकांनी शेतात खोल्या बांधल्या, पुढे जागा भरेनाशा झाल्या आणि खोल्यांना कुलपं लागली, हेही मी पाहिलं आहे. म्हणून कॉलेजच्या नावावर जाऊ नकोस. गेल्या तीन वर्षांत कुठल्या शाखेच्या किती जागा रिकाम्या राहिल्या ते बघ, आणि कॉलेज स्वतःचं नवं वसतिगृह बांधतंय का, ते शिपायाला विचार. त्याला प्राचार्यांच्या आधी ठाऊक असतं.

मार्च २०२० मध्ये माझ्या दोन्ही खोल्यांतली मुलं चार दिवसांच्या कपड्यांनिशी गावी गेली. गाद्या, पुस्तकं, बादल्या तशाच पडून होत्या. मी त्या महिन्यांचं भाडं मागितलं नाही, डिपॉझिटमधूनही कापलं नाही. मला ते शक्य झालं, कारण डोक्यावर कर्ज नव्हतं. तुझ्यावर असेल. म्हणून सहा हप्त्यांएवढी रक्कम बाजूला पडल्याशिवाय टोकन देऊ नकोस. या एका गोष्टीवर मी तुझ्याशी भांडायलाही तयार आहे.

टोकनच्या आधी सोसायटीच्या सेक्रेटरींना भेट. विद्यार्थी ठेवायचे नाहीत असा ठराव काही ठिकाणी झालेला असतो, आणि एजंट तो सांगत नाही. घर भाड्यानं दिलं म्हणून सोसायटी जादा आकार घेईल, पण सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, हे लक्षात असू दे.

करार अकरा महिन्यांचा असला तरी रजिस्टर कर. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं ती जबाबदारी मालकावर टाकली आहे. लेखी, नोंदलेला करार नसेल तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबद्दल भाडेकरू म्हणेल तेच खरं धरलं जातं. पहिल्या वर्षी मी चाळीस पानी वहीत सह्या घेतल्या होत्या. एक मुलगा भाडं थकवून बसला, तेव्हा ती वही कुणी उघडूनही पाहिली नाही. पोलीस ठाण्यात भाडेकरूंची माहितीही देऊन ठेव.

आणि पाणी. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. विश्रामबाग त्या मानानं उंचावर, पण गल्लीगल्लीत फरक आहे. शामरावनगरकडे तर नुसत्या पावसानंही पाणी साचतं. त्या वर्षी जिन्याच्या कितव्या पायरीपर्यंत पाणी आलं होतं, ते तळमजल्यावरच्यांना विचार. विकणारा सांगणार नाही.

नळाच्या पाण्याचंही बघ. जतहून मुलाला सोडायला आलेल्या एका आईनं माझी खोली पाहताना भाड्याआधी विचारलं होतं, "पाणी किती वेळ असतं?" मग खिडकीची जाळी हलवून पाहिली, पलंगाखाली वाकून ओल आहे का ते बघितलं. तू फ्लॅट बघशील तेव्हा त्या बाईंसारखा बघ. त्यांचा मुलगा चार वर्षं माझ्याकडे राहिला आणि त्याचं डिपॉझिट मी जाताना हातात दिलं, एक रुपया न कापता. पुढच्या वर्षी त्याच्याच गावची दोन पोरं आली. एजंटाला दलाली द्यावी लागली नाही.

जुलैअखेरीस दोन दिवस रजा काढून ये. पाऊस असेल, तेव्हाच भिंती बघू. मिरज स्टेशनवर मी घ्यायला येतो. तोवर त्या एजंटाला काही कबूल करू नकोस.

तुझा,
काका