पदवी आहे, पण ग्राहकाला ईमेल लिहिता येईना

प्रश्न : मुलगी यंदा बी.कॉम. झाली, ७४ टक्के मिळाले. एका मुलाखतीत नाराज ग्राहकाला ईमेल लिहायला सांगितला, तर ती अडली. दुसरीकडे ‘स्वतःबद्दल सांगा’ म्हटल्यावर बायोडेटाच वाचून दाखवला. अर्ज भरणं, फोन करणं मीच करतो. अभ्यासाव्यतिरिक्त तिने एवढंच केलं, की एनएसएसच्या शिबिरात सात दिवस मेसचा हिशेब ठेवला. विद्यापीठाने शिकवलं तरी काय? सॉफ्ट स्किल्सचा क्लास लावू का?
– एक पालक, बारामती

उत्तर : नमस्कार. तुमचा राग रास्त आहे. महाराष्ट्रातल्या संलग्न महाविद्यालयांत नवं शैक्षणिक धोरण पदवीला २०२४-२५ पासून लागू झालं. त्यात कौशल्यवृद्धीचे विषय, फील्ड प्रोजेक्ट, ऑन जॉब ट्रेनिंग, सगळ्याला क्रेडिट्स (पदवीसाठी मोजले जाणारे श्रेयांक) आहेत. तुमच्या मुलीची तुकडी त्याआधीची. पण नुसता विषय आणून भागत नाही. ‘संवादातील अडथळे स्पष्ट करा’ असा प्रश्न आला की मुलं गाइडमधलं उत्तर लिहून मोकळी होतात. वर्गात शंभर मुलं असतील, तर एकेकाचं पत्र तपासायला प्राध्यापकांना वेळ कुठून मिळणार? ट्रेनिंगसाठी ओळखीच्या दुकानातून सही-शिक्का आणल्याचं मुलं मला सांगतात, तेव्हा जीव तुटतो.

मात्र मेसच्या हिशेबाला तुम्ही ‘एवढंच’ म्हणता, ते मला पटत नाही. किराणावाल्याशी भाव कसा ठरवला? पैसे कमी पडले तेव्हा काय केलं? ताळा जमला का? आज रात्री तिला हे विचारा आणि मध्ये न बोलता ऐका. कंपन्या मुलाखतीत हेच शोधत असतात. तिने मुलाखतीत यातलं अवाक्षर काढलं नसणार, कारण हेही शिक्षण आहे असं तिला कुणी सांगितलंच नाही.

ईमेलचा सराव घरीच होईल. काय चुकलं, आपण काय करणार, कधीपर्यंत करणार, एवढं चार ओळींत रोज एकदा लिहू द्या. महागडा क्लास नको. केंद्र सरकारच्या नॅट्स (नॅशनल अप्रेंटिसशिप ट्रेनिंग स्कीम) पोर्टलवर पदवीधरांसाठी विद्यावेतनासह अप्रेंटिसशिप, म्हणजे शिकाऊ उमेदवारी असते. तिथली नोंदणी तिची तिलाच करू द्या. चौकशीचा फोनही तिनेच करावा. पहिल्यांदा अडखळेल, फोन ठेवल्यावर कदाचित रडेलही. तुम्ही शेजारी बसा, पण फोन हातात घेऊ नका.