न जुळणारे आलेखही पेपरात घाल

चि. —
अनेक आशीर्वाद.

नॅनोवायरमध्ये, म्हणजे अतिसूक्ष्म तारेत, तू मायोराना (दोन टोकांना विभागून बसणारी इलेक्ट्रॉन-अवस्था) शोधतेस, त्याचा आलेख पाहिला. शून्य व्होल्टेजवरचं कंडक्टन्सचं पीक, म्हणजे शिखर, देखणं आहे, मॅग्नेटिक फील्ड वाढवलं तरी जागचं हलत नाही. गाईड म्हणतात पेपर लिहायला घे, आणि तू विचारतेस, बाकीच्या नॅनोवायरमध्ये हे दिसत नाही त्याचं काय करू? अगं, पेपरात घाल. एकूण एक आलेख घाल.

अलेक्सेई कितायेव या भौतिकशास्त्रज्ञाने 2001 मध्ये मांडलेल्या साखळीत, म्हणजे अतिवाहक तारेच्या सोप्या गणिती नमुन्यात, एकाच इलेक्ट्रॉन-अवस्थेचे दोन अर्धे तारेच्या दोन टोकांना जाऊन बसतात. एका टोकाशी खळबळ झाली तरी दुसरा अर्धा दूर, म्हणून त्यात साठवलेली माहिती टिकते. मायोरानाची सगळी किंमत त्या अंतरात आहे, आणि तू मोजलंस एकच टोक. तारेतल्या अशुद्धीमुळे किंवा गेटजवळच्या (तारेला व्होल्टेज देणाऱ्या इलेक्ट्रोडजवळच्या) विभवाच्या उतारामुळे साधी आंद्रेयेव अवस्थाही, म्हणजे अतिवाहकाच्या कडेला अडकलेली साधारण अवस्थाही, शून्यावर येऊन बसते. तिचे दोन्ही अर्धे एकाच बाजूला असतात, पण त्या टोकावरून पाहणाऱ्याला फरक कळत नाही. तुला हे ठाऊक आहे. पण पीक दिसलं की भल्याभल्यांना विसर पडतो.

नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या गटाला 2012 मध्ये इंडियम अँटिमोनाइडच्या तारेत असंच पीक दिसलं. तिथल्याच 2018 च्या ‘नेचर’मधल्या पेपराने सांगितलं की त्याची उंची मायोरानासाठी सिद्धांत सांगतो तेवढी, बरोबर दोन ई वर्ग भागिले एच आहे (ई म्हणजे इलेक्ट्रॉनचा भार, एच म्हणजे प्लांकचा स्थिरांक). मार्च 2021 मध्ये तो पेपर मागे घ्यावा लागला. मोजमापाचा पूर्ण पल्ला काढून पाहिला, तर पीक त्या उंचीवर थांबतच नव्हतं! पूर्ण डेटासाठी हटून बसले ते सर्गेई फ्रोलोव्ह आणि व्हिन्सेंट माउरिक. दोघेही 2012 च्या पेपराचे लेखक, माउरिक तर पहिला. स्वतःच ज्या वाटेची सुरुवात केली, तिच्यावरचे खड्डे दाखवायला छाती लागते.

मीही असे आलेख अडवून धरले आहेत. माझ्या नावावर पेपर थोडे, बढती उशिरा मिळाली. एक विद्यार्थी कंटाळून दुसऱ्या गटात गेला, त्याचं आजही वाईट वाटतं. त्याची फेलोशिप संपत आली होती, घाई खोटी नव्हती. तरी न जुळणारं बाजूला ठेवून छापायला मी तेव्हा तयार नव्हतो, आज विचारलंस तरी नाहीच म्हणेन. हट्टी म्हण हवं तर. सगळे आलेख घाल.

‘गाईडना कसं सांगू’ हे मात्र मला विचारू नकोस. सगळ्या तारांचा तक्ता त्यांच्यापुढे ठेव, बोलायची गरज पडणार नाही. पुढच्या डिव्हाइसला दोन्ही टोकांना कॉन्टॅक्ट दे. पीक दोन्हीकडे एकदम येतं का, मधल्या भागातली गॅप, म्हणजे ऊर्जेची फट, मिटून पुन्हा उघडते का, ते बघ. महिने जातील. जाऊ देत. फेलोशिपच्या मुदतवाढीला पत्र लागलं तर कळव, मी लिहून देतो.