फंक्शनल ॲनालिसिसच्या आधी काय काय यायला पाहिजे?

प्रश्न : सर नमस्कार, मी एमएस्सी मॅथ्सच्या फर्स्ट इयरला आहे, पुढच्या वर्षी फंक्शनल ॲनालिसिस आहे. सगळे सिनियर म्हणायलेत लई अवघड पेपर आहे, निम्मा वर्ग त्यातच अडकतो. बीएस्सीला रिअल ॲनालिसिसमध्ये मला मार्क चांगले पडले पण खरं सांगते, आयएमपी प्रूफ पाठ करून गेले होते. आता सुट्टीत मेजर थिअरी करू, टोपॉलॉजी करू का सरळ फंक्शनलचंच पुस्तक उघडू?
– एक विद्यार्थिनी, सेलू (जि. परभणी)

उत्तर : खरं सांगितलंस ते बरं केलंस, कारण तुझी अडचण तिथंच आहे. सिलॅबसमध्ये आधीचे पेपर अमुक अमुक असं छापलेलं असतं, ते पास झाले की आपल्याला वाटतं झालं. पण पेपर पास होणं वेगळं आणि त्यातलं हाताशी असणं वेगळं.

फंक्शनल ॲनालिसिसमध्ये अख्खी फंक्शन्सच व्हेक्टर धरून इन्फिनाइट डायमेन्शनच्या स्पेसचा अभ्यास होतो, त्यासाठी काय हाताशी पाहिजे ते बघू. सगळ्यात आधी लिनिअर अल्जेब्रा, आणि याचं नावच कोणी घेत नाही! मॅट्रिक्सची आकडेमोड म्हणत नाहीये मी, व्हेक्टर स्पेस, बेसिस, लिनिअर मॅप हे पाहिजे. फायनाइट डायमेन्शनमध्ये प्रत्येक लिनिअर मॅप कंटिन्युअस असतो म्हणून तिथं तो प्रश्न कोणी विचारतच नाही, इन्फिनाइटमध्ये गेलं की बिघडतं. तूच करून बघ : ० ते १ वरचे पॉलिनॉमिअल घे, नॉर्म म्हणजे व्हेक्टरची लांबी, इथं ती फंक्शनच्या ॲब्सोल्यूट व्हॅल्यूची जास्तीत जास्त किंमत धर. क्षच्या शंभराव्या घाताचा नॉर्म १, आणि त्याचा डेरिव्हेटिव्ह घेतला की नॉर्म डायरेक्ट १००. घात हजार घे, १००० येतो. म्हणजे डेरिव्हेटिव्ह घेणं ही क्रिया लिनिअर आहे पण बाउंडेड नाही, म्हणजे नॉर्म किती पट वाढेल याला मर्यादाच नाही, आणि म्हणून कंटिन्युअसही नाही. हे उदाहरण ज्याला नीट कळलं त्याला पुढं बाउंडेड ऑपरेटरची व्याख्या कशासाठी केली ते विचारावं लागत नाही.

दुसरं मेट्रिक स्पेस, म्हणजे जिथं दोन बिंदूंमधलं अंतर मोजता येतं, त्यातही कम्प्लीटनेस, म्हणजे प्रत्येक कॉशी सिक्वेन्सची (जिच्यातली पदं एकमेकांच्या जवळ जवळ येत जातात) लिमिट त्याच स्पेसमध्ये सापडणं. एक कोरा कागद घे आणि पुस्तक न बघता सिद्ध कर की ० ते १ वरच्या कंटिन्युअस फंक्शन्सची स्पेस याच नॉर्ममध्ये कम्प्लीट आहे. कॉशी सिक्वेन्स घ्यायचा, प्रत्येक बिंदूवर लिमिट काढायची, कन्व्हर्जन्स युनिफॉर्म (सगळ्या बिंदूंवर एकाच वेगानं) आहे हे दाखवायचं आणि मग लिमिट कंटिन्युअस येते हे दाखवायचं. जमलं तर तू बऱ्यापैकी तयार आहेस, नाही जमलं तर जिथं अडलीस तोच तुझा सुट्टीचा अभ्यास, बहुतेक युनिफॉर्म कन्व्हर्जन्स निघेल, माझ्या पाहण्यातली मुलं तिथंच अडतात. कम्प्लीट स्पेसवरचा बेअर कॅटेगरी थिअरमही इथलाच, फंक्शनलमधल्या ओपन मॅपिंग आणि युनिफॉर्म बाउंडेडनेस या दोन्ही मोठ्या थिअरमच्या नेहमीच्या प्रूफमध्ये तो लागतो.

मेजर थिअरी, म्हणजे सेटची लांबी-क्षेत्रफळ मोजायची थिअरी, का लागते तर त्याच फंक्शन्सवर इंटिग्रलचा नॉर्म घेतला की स्पेस कम्प्लीट राहत नाही, भोकं पडतात आणि ती भरायला लेबेगचा इंटिग्रल लागतो. लेबेगचा प्रबंध १९०२ चा, फ्रेशेची मेट्रिक स्पेस १९०६ ची आणि नॉर्मवाल्या कम्प्लीट स्पेसवरचा बानाखचा पेपर १९२२ चा, म्हणजे विषय ज्या क्रमानं उभा राहिला त्यातही मेजर थिअरी आणि मेट्रिक स्पेस या दोन गोष्टी आधीच आल्यात. पण सुट्टीत अख्खी मेजर थिअरी करायला जाऊ नकोस. मेजर झिरोचे सेट आणि डॉमिनेटेड कन्व्हर्जन्सपर्यंत (लिमिट इंटिग्रलच्या आत कधी नेता येते ते सांगणारा थिअरम) आलीस तरी सुरुवातीला भागतं. जनरल टोपॉलॉजी तर फंक्शनलमधला पुढचा वीक टोपॉलॉजीचा भाग येईपर्यंत फार लागत नाही. फंक्शनलमधल्या हान-बानाख थिअरमच्या प्रूफला सेट थिअरीतलं झॉर्नचं लेमा लागतं, ते एकदा वाचून ठेव.

अभ्यास करताना थिअरममधली एकेक अट काढून बघत जा, ती काढली तर काय मोडतं, उदाहरण सापडतं का. पाठांतराची सवय यानंच सुटते. एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन कार्यक्रमावर लेक्चर फुकट आहेत, इंग्रजीत आहेत पण फळ्यावरचं गणित कळतं. आणि एमटीटीएस नावाचा गणिताचा उन्हाळी प्रशिक्षण कार्यक्रम १९९३ ला सुरू झालाय, निवड अर्जावरून होते, तिथं पाठांतर चालतच नाही. तुझ्यासारख्या मुलीनं अर्ज करायलाच पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न : मुलगा बीएस्सी सेकंड इयरला आहे, जॅम देऊन आयआयटीत एमएस्सी करायचं म्हणतोय. त्यासाठी टोपॉलॉजीचा वेगळा क्लास लावावा का?
– एक पालक, उदगीर

उत्तर : नका लावू. जॅम म्हणजे एमएस्सीच्या प्रवेशाची परीक्षा, तिच्या मॅथ्स पेपरात टोपॉलॉजी वेगळा विषय म्हणून नाहीच. रिअल ॲनालिसिस, अनेक चलांचं कॅल्क्युलस, डिफरन्शिअल इक्वेशन, लिनिअर अल्जेब्रा आणि ग्रुप थिअरी एवढंच आहे, यातलं बरंचसं त्याला कॉलेजात शिकवतातच. तीन तास, ६० प्रश्न, १०० मार्क. काही प्रश्नांना एकाहून जास्त पर्याय बरोबर असतात, काहींना पर्यायच नसतात, नुसता आकडा काढून भरायचा, त्यामुळे अंदाजानं टिक करून चालत नाही. जुने पेपर काढून त्याला घड्याळ लावून सोडवायला बसवा, आणि ग्रुप थिअरीकडं जरा जास्त लक्ष द्यायला सांगा.